‘हू इज धंगेकर?’ : कसब्याची पोटनिवडणूक माध्यमांनी जिंकली का?

तुम्ही राज्यशास्त्र किंवा वृत्तपत्रविद्येत पीएचडीची तयारी करत असाल, तर तुमच्या वहीत एक विषय नक्की लिहिलेला असणार. ‘निवडणूक प्रचारावर प्रसारमाध्यमांचा प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास’. नाही म्हणू नका. माझ्याही वहीत होता. मी तर त्याला पुढे ‘विशेष संदर्भ : कसबा पेठ पोटनिवडणूक २०२३’ असं शेपूटही लावलं होतं आणि सिनॉप्सिस लिहून गाईड मॅडमच्या टेबलावर ठेवला होता.

मॅडमनी चौदा पानं चाळली, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “आणि चिंचवडचं काय?”

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. माझा पहिला आराखडा का पडला ते इथे सविस्तर सांगते, कारण तसाच आराखडा तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या लॅपटॉपमध्ये आहे असा माझा दाट संशय आहे.

आधी घटना पाहू, कारण दोन वर्षांत माणसं तपशील विसरतात आणि गोष्ट तेवढी लक्षात ठेवतात. आमदार मुक्ता टिळक यांचं डिसेंबर २०२२मध्ये निधन झालं. रिकाम्या झालेल्या कसबा पेठ मतदारसंघात २६ फेब्रुवारी २०२३ला मतदान झालं आणि २ मार्चला निकाल लागला. भाजपने टिळक कुटुंबाबाहेरचा उमेदवार दिला, हेमंत रासने. महाविकास आघाडीतर्फे काँग्रेसचे रवींद्र धंगेकर. १९९५पासून भाजपकडे असलेली ही जागा धंगेकरांनी सुमारे ११ हजार मतांनी जिंकली. प्रचारात चंद्रकांत पाटील यांनी विचारलेला ‘हू इज धंगेकर?’ हा प्रश्न निकालाच्या दिवशी मोबाइल-मोबाइलवर फिरला आणि त्याला उत्तर देणारे फलक पेठांत लागले.

मी राहते ती जागा तांबट आळीपासून चालत पाच मिनिटांवर. त्या दिवशी गुलाल माझ्या दारापर्यंत आला होता. आणि माझं गृहीतक त्याच संध्याकाळी तयार झालं : ‘समाजमाध्यमांवरील व्हायरल आशयामुळे कसब्याचा निकाल बदलला.’ लिहिताना इतकं सोपं वाटलं की तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता मॅडमचा प्रश्न. त्याच दिवशी, २६ फेब्रुवारीलाच, दहा-पंधरा किलोमीटरवर चिंचवडमध्येही पोटनिवडणूक झाली. वर्तमानपत्रं तीच, वाहिन्या त्याच, बरेचसे व्हॉट्सॲप ग्रुपही तेच. शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला देण्याचा निवडणूक आयोगाचा निर्णय १७ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन प्रचारात आला. ती त्या महिन्यातली राज्यातली सगळ्यात मोठी राजकीय बातमी. तीसुद्धा दोन्ही मतदारसंघांत सारखीच पोचली. पण चिंचवडमध्ये भाजपच्या अश्विनी जगताप ३६ हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या.

कारण सारखं आणि परिणाम उलटा, असं दिसलं की संशोधकाने थांबायचं असतं. मी थांबले नव्हते, कारण मी चिंचवडकडे पाहिलंच नव्हतं. ज्या निवडणुकीत धक्कादायक काही घडलं तीच निवडायची आणि मग धक्क्याचं कारण शोधायचं, ही सवय आपल्याला बातम्यांनी लावली आहे. बातमीदाराचं ते कामच आहे. आपलं नाही.

मग आकडे घेऊन बसले. २०१९मध्ये कसब्यात मुक्ता टिळकांना ७५ हजारांच्या वर मतं होती आणि काँग्रेसच्या उमेदवाराला ४७ हजारांच्या वर. पण त्या वेळी शिवसेनेचा एक बंडखोरही रिंगणात होता आणि त्याने दहा हजारांहून जास्त मतं घेतली होती. मनसेचाही उमेदवार होता. २०२३मध्ये लढत जवळपास सरळ झाली. धंगेकरांना ७३ हजारांच्या वर, रासनेंना ६२ हजारांच्या वर. आता चिंचवड : जगतापांना १ लाख ३५ हजार, राष्ट्रवादीचे नाना काटे ९९ हजार, आणि ठाकरे गटातून बंडखोरी केलेले राहुल कलाटे ४४ हजार. दोघांची बेरीज करा. ती जगतापांच्या मतांपेक्षा जास्त भरते.

म्हणजे एका ठिकाणी विरोधी मतं एका पेटीत पडली आणि दुसऱ्या ठिकाणी दोन पेट्यांत. शिवाय चिंचवडमध्ये दिवंगत आमदारांच्या पत्नीला तिकीट मिळालं होतं, कसब्यात घरात तिकीट गेलं नाही. ही कारणं कंटाळवाणी आहेत आणि त्यांचं मीम होत नाही. पण माझ्या चौदा पानांत यांतलं एकही नव्हतं.

(मतांची बेरीज हाही पुरावा नव्हेच. मनसेने २०२३मध्ये भाजपला पाठिंबा दिला होता, तरी त्यांचा प्रत्येक मतदार तिकडेच गेला असं कोण सांगणार? मतदारसंघाच्या एकूण आकड्यांवरून एकेका मतदाराच्या मनाबद्दल बोलायचं नसतं. हा इशारा पद्धतीच्या पेपरमध्ये येतो. नेट-सेटवाल्यांनी खूण करून ठेवा.)

‘हू इज’कडे परत येऊ. वाहिन्यांनी गोष्ट सांगितली ती अशी : एका अनोळखी कार्यकर्त्याने बलाढ्य पक्षाला पाडलं. पण कसब्यात धंगेकर अनोळखी कधी होते? २००९ची विधानसभा ते मनसेकडून याच मतदारसंघात गिरीश बापटांविरुद्ध लढले आणि काही हजारांनी हरले. २०१४लाही लढले. कित्येक वर्षं नगरसेवक. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी तेव्हा विचारलं होतं, की तो व्हिडिओ बघितला का? त्या म्हणाल्या, “कुठला व्हिडिओ? रव्या नळाच्या वेळेस स्वतः येऊन गेलाय आमच्याकडे.” हा एका काकूंचा अनुभव, नमुना नव्हे. पण माझं ‘व्हायरल’ गृहीतक ज्या गृहिणीच्या घरातून सुरू व्हायला हवं होतं तिथेच ते अडखळलं.

आणि हे काही नवं नाही. पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या ईरी कौंटीत तेच ते मतदार पुन्हा पुन्हा गाठून मुलाखती घेतल्या. रेडिओ माणसांची मतं फिरवतो असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. सापडलं ते उलट. प्रचारामुळे बाजू बदललेले लोक थोडेच निघाले. बहुतेकांचं आधीचं मत पक्कं झालं किंवा झोपलेलं जागं झालं. आणि बातमी थेट कमी, ओळखीच्या जाणत्या माणसामार्फत जास्त पोचत होती. यालाच ‘द्विस्तरीय प्रवाह’ म्हणतात. पेठेत हा जाणता माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. गणपती मंडळाचा अध्यक्ष, सोसायटीचा सेक्रेटरी, तालमीतला वस्ताद. पुण्यात तर मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले होते. नगरसेवक नावापुरते ‘माजी’ झाले, पण काम घेऊन लोक त्यांच्याच दारात. अशा गावात ‘समाजमाध्यमांचा थेट परिणाम’ मोजायला निघालेल्या मुलीला ईरी कौंटीचं पुस्तक आधी वाचायला हवं होतं. मी ते साहित्य आढाव्यात एका ओळीत ‘उल्लेखिलं’ होतं, न वाचता. तुम्ही असं करत नसाल अशी आशा.

मग माध्यमांचं काहीच चाललं नाही, असं म्हणायचं? इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. मीही दोन महिने गेले होते. पण तेही खरं नाही.

मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८मध्ये चॅपेल हिल या गावात शंभर अनिश्चित मतदारांना विचारलं, की तुम्हाला कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटतात? ते उत्तर आणि तिथल्या माध्यमांनी दिलेलं महत्त्व, दोन्ही यादी जवळपास जुळल्या. १९७२मध्ये हा लेख छापून आला आणि ‘अजेंडा सेटिंग’ हा शब्द रूढ झाला. काय विचार करायचा ते माध्यमं सांगत नसतील, पण कशाबद्दल विचार करायचा ते सांगतात, असा त्याचा सारांश वर्गात देतात. कसब्यावर हे लावून बघा. कसब्यातल्या माणसाचे रोजचे प्रश्न कोणते? शनिवारवाड्याभोवती शंभर मीटरच्या आत बांधकामाला असलेली बंदी आणि त्यामुळे अडकलेले, टेकू लावून उभे असलेले वाडे. राहत्या घराच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत, जी गेल्याने बिलं फुगली होती. लक्ष्मी रस्त्याची कोंडी. हे सगळं प्रचारात होतंच. (करसवलत परत देण्याचं राज्य सरकारने निकालानंतरच्या काही आठवड्यांत जाहीर केलं. त्याची वेळ ज्याने त्याने तपासावी.) पण पहिल्या पानावर आणि रात्रीच्या चर्चेत काय होतं? ब्राह्मण समाज नाराज आहे का?

ही चौकट आली कुठून, ते बघण्यासारखं आहे. मतदारसंघात काही फलक लागले. आधी कुलकर्णींची जागा गेली, मग टिळकांची, आता बापटांचा नंबर का, अशा आशयाचे. लावणाऱ्याचं नाव नाही. पुण्यातल्या फलकांची ख्याती तुम्हाला माहीत आहे, टोमणा हा इथला लघुउद्योग. असा एक फलक रस्त्यावर किती जण वाचतील? शे-दोनशे. पण फलकाचा फोटो वर्तमानपत्रात गेला, तिथून वाहिनीवर, तिथून पुन्हा त्याच पेठेतल्या मोबाइलवर. आणि मग ‘कसबा म्हणजे सदाशिव, नारायण, शनिवार’ हे समीकरण पक्कं झालं. प्रत्यक्षात मतदारसंघात रविवार, सोमवार, मंगळवार, रास्ता, गंज, घोरपडे पेठाही येतात, लोहियानगर येतं, दत्तवाडी येते. या भागांतला मतदार त्या चर्चेत जवळजवळ नव्हताच. माध्यमांवर टीका करायचीच तर मी इथे करेन. त्यांनी मत फिरवलं की नाही ते सिद्ध होत नाही. त्यांनी मतदारसंघाचा नकाशा अर्धा दाखवला, हे मात्र कात्रणं टेबलावर मांडून सिद्ध करता येतं.

आणि जातीच्या नाराजीचा निकालाशी संबंध? त्याच नाराजीचा मुद्दा घेऊन हिंदू महासंघाचे आनंद दवे उभे राहिले होते. त्यांची अनामत रक्कम जप्त झाली. प्रसिद्धीचंच म्हणाल तर ‘बिग बॉस मराठी’मुळे घराघरांत ओळखले गेलेले अभिजित बिचुकलेही उमेदवार होते. त्यांना पन्नासही मतं पडली नाहीत. चेहरा माहीत असणं आणि मत मिळणं यांत किती अंतर आहे, हे याहून स्वस्तात कुठलाही प्रयोग दाखवणार नाही.

आता मला जे खरोखर सांगायचं आहे ते. मॅडमच्या प्रश्नानंतर जवळपास वर्षभराने, एका जुन्या लेखामुळे मला माझा विषय सापडला. फिलिप्स डेव्हिसन यांचा १९८३चा लेख. त्याच्या सुरुवातीला दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा आहे. पॅसिफिकमधल्या एका बेटावर अमेरिकी सैन्याची एक तुकडी होती. सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. जपान्यांनी विमानातून पत्रकं टाकली : हे गोऱ्यांचं युद्ध आहे, तुम्ही त्यात जीव देऊ नका. सैनिकांवर त्या पत्रकांचा काही परिणाम झाल्याचा पुरावा नव्हता. पण दुसऱ्या दिवशी ती तुकडी मागे घेण्यात आली. परिणाम झाला तो अधिकाऱ्यांवर. सैनिकांवर परिणाम होईल या त्यांच्या समजुतीतून. डेव्हिसन याला ‘तृतीय पुरुषी परिणाम’ म्हणतात : माझ्यावर नाही, तुमच्यावर नाही, पण ‘त्यांच्यावर’ माध्यमांचा फार परिणाम होतो असं प्रत्येकाला वाटतं आणि त्या वाटण्यावरून माणूस हालचाल करतो.

हा किस्सा डोक्यात ठेवून फेब्रुवारी २०२३ परत बघा. एका निनावी फलकाने किती मतदार हलले, कुणालाच ठाऊक नाही. पण पक्ष हलले. लढत ‘प्रतिष्ठेची’ आहे असं माध्यमांनी म्हटलं, तसे मंत्री पेठांतून फिरू लागले. एका पोटनिवडणुकीला, जिच्या निकालाने विधानसभेतलं बहुमत बदलणार नव्हतं, तिला एवढा फौजफाटा! मग लढत आणखी प्रतिष्ठेची झाली, कारण आता मंत्री आले होते. बातमीने प्रचार वाढवला, वाढलेल्या प्रचाराने बातमी. आणि या सगळ्या धावपळीत मतदान झालं जेमतेम पन्नास टक्के. अर्धा मतदारसंघ घरी बसला.

या साखळीतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं दृश्य १६ फेब्रुवारीचं. खासदार गिरीश बापट गंभीर आजारी होते आणि प्रकृतीमुळे प्रचारात नसतील असं आधी कळलं होतं. त्या दिवशी ते केसरी वाड्यात कार्यकर्त्यांच्या मेळाव्याला आले. चाकाच्या खुर्चीत, नाकाला ऑक्सिजनची नळी. जिथून १८८१पासूनचं ‘केसरी’ निघत आलं त्याच वाड्यात. भाजपच्या दृष्टीने ती निष्ठा होती, विरोधकांच्या दृष्टीने क्रौर्य. छायाचित्र एकच. २९ मार्चला बापट गेले. तो फोटो कुणाच्या बाजूने गेला हे मी ठरवू शकत नाही, आणि जे विश्लेषक निकालाच्या संध्याकाळी अर्ध्या मिनिटात ठरवत होते त्यांनाही ते ठरवता येत नव्हतं. रासने जिंकले असते तर तोच फोटो ‘भावनिक आवाहन कामी आलं’ म्हणून सांगितला गेला असता. निकाल काहीही लागो, स्पष्टीकरण बसतंच. असं स्पष्टीकरण तपासता येत नाही आणि जे तपासता येत नाही ते गृहीतक म्हणून लिहायचं नसतं. पण तो फोटो घडावा असं पक्षाला का वाटलं, त्या आठवड्यातल्या कोणत्या बातम्यांनंतर वाटलं, हे कार्यकर्त्यांना विचारता येतं, तारखा लावून तपासता येतं. प्रश्न मतदाराच्या मनातून उचलून प्रचार कार्यालयात नेऊन ठेवला की तो अभ्यासण्याजोगा होतो.

२५ फेब्रुवारीचंही तसंच. प्रचार संपला होता. पैसेवाटपाचा आरोप करत धंगेकर कसबा गणपतीसमोर उपोषणाला बसले. भाजपने आरोप फेटाळला आणि आयोगाकडे आचारसंहिता भंगाची तक्रार केली. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१चं कलम १२६ मतदान संपण्याआधीचे ४८ तास सभा, मिरवणुका आणि दूरचित्रवाणीवरचा प्रचार थांबवतं. छापील वर्तमानपत्र त्यात नाही. आणि मंदिरासमोर बसलेला उमेदवार ही ‘बातमी’ असते, प्रचार नसतो, निदान वाहिनीच्या हिशोबात. कायद्याला शांतता हवी होती त्याच दिवशी आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त कॅमेरे होते. उपोषण प्रामाणिक की डावपेच, या वादात मी पडत नाही. कॅमेरे नसते तर ते तिथेच, तेव्हाच झालं असतं का, हा माझा प्रश्न.

कात्रणं मोजायला बसाल तेव्हा आणखी एक खड्डा आहे. आशय विश्लेषणात आपण बातम्या मोजतो, पण बातमीच्या वेषातली जाहिरात कशी ओळखणार? २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचं कौतुक करणारे जवळपास शब्दशः सारखे मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत ‘बातमी’ म्हणून आले होते. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१०मध्ये ‘पेड न्यूज’वर अहवाल दिला. तो अहवाल मिळवून वाचा. माझ्या पहिल्या कोडिंग शीटमध्ये या शक्यतेसाठी रकानाच नव्हता.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की कसबा व्हायरलने जिंकला, त्यांच्यासाठी पुढचा भाग. २०२३ नंतर धंगेकर राज्यभर माहीत झाले. ते लोकसभेला उभे राहिले आणि मुरलीधर मोहोळ यांच्याकडून लाखाहून अधिक मतांनी हरले. मे २०२४मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर तर ते रोज पडद्यावर होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, त्याच कसब्यात, त्याच हेमंत रासनेंनी त्यांना सुमारे १९ हजारांनी हरवलं. प्रसिद्धी सगळ्यात जास्त असताना. तेव्हा कुणी ‘माध्यमांनी कसबा घालवला’ असा विषय घेऊन मॅडमकडे गेल्याचं मला माहीत नाही.

माझ्या प्रबंधाचं नाव आता बदललंय. ‘प्रभाव’ हा शब्द त्यात नाही. ‘पोटनिवडणुकीतील पक्षसंघटनांचे माध्यमविषयक आकलन आणि प्रचारनिर्णय : कसबा पेठ व चिंचवड, २०२३’ असं लांबलचक, न खपणारं शीर्षक आहे. सध्या दोन्ही मतदारसंघांच्या १ फेब्रुवारी ते २ मार्चच्या स्थानिक पुरवण्या शेजारी शेजारी लावतेय. चिंचवडचा गठ्ठा कसब्याच्या गठ्ठ्यापेक्षा बराच बारीक आहे, आणि हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ग्रंथालयात थोडा वेळ नुसतीच बसून राहिले. तिथे मतदार जास्त होते, मतं जास्त पडली होती. मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “फूटपट्टी घेऊन जा. कॉलम सेंटिमीटर मोज.”